ब्लॅक सॅबथ : पत्र्याच्या कारखान्यातून आलेला जड सूर

खर्जातला_माणूस (धागाकर्ता)

२२ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा मूळ गायक ऑझी ऑझबर्न गेला. त्यानंतरच्या आठवड्यात मी जे मृत्युलेख वाचले, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात वटवाघळापासून होत होती. प्रेक्षकांतून रंगमंचावर आलेले वटवाघूळ रबरी खेळणे समजून त्याने चावले, ही गोष्ट खरीच आहे. पण ती १९८२ सालची आहे, आणि तोवर त्याला ब्लॅक सॅबथमधून काढून टाकून दोन वर्षे उलटून गेली होती. ज्या बँडमुळे त्याचे नाव जगाला कळले, त्या बँडच्या वाट्याला या लेखांत चार ओळींहून अधिक काही आले नव्हते. त्या चार ओळींतही 'सैतानी' हा शब्द होताच. सॅबथच्या संगीतातल्या जडपणाचे मूळ लोक भुताखेतांत शोधतात. मला ते बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हातात सापडते, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे म्हणून हा धागा.

बर्मिंगहॅममधला ॲस्टन हा भाग म्हणजे कारखाने, विटांच्या एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा आणि व्हिला पार्क हे फुटबॉलचे मैदान. गिटारवादक टोनी आयोमी, बेसवादक आणि गीतकार गीझर बटलर, ड्रमर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी हे चौघेही १९४८-४९ मध्ये जन्मले आणि युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांवर खेळत याच परिसरात वाढले. पंधराव्या वर्षी शाळा सुटायची आणि पुढे कारखाना ठरलेला असायचा. ऑझीचे वडील जीईसी कंपनीत रात्रपाळीला टूलमेकर होते, आई ल्युकासच्या कारखान्यात कामाला होती आणि त्याने स्वतः कत्तलखान्यातल्या कामापासून मोटारींचे हॉर्न सुरात लावण्यापर्यंत नाना नोकऱ्या केल्या. (हॉर्न लावणे ही त्याची संगीतातली पहिली नोकरी म्हणायला हरकत नाही.) मध्येच चोरीच्या गुन्ह्यात झालेला दंड भरता न आल्यामुळे तो विन्सन ग्रीनच्या तुरुंगातही काही आठवडे राहून आला.

आयोमी सतरा वर्षांचा असताना एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघणार होता. पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी त्याने सोडली होती आणि त्या दिवशी त्याची शेवटची पाळी होती. दुपारी घरी जेवायला आल्यावर परत जायची त्याची इच्छा नव्हती. पण घेतलेले काम नीट संपवून ये, असे आईने बजावले. तो एरवी वेल्डिंग करायचा. पत्रा वाकवून त्याच्याकडे पाठवणारी व्यक्ती त्या दिवशी आलीच नव्हती, म्हणून त्याला त्या प्रेसवर बसवण्यात आले. प्रेस उजव्या हातावर आला, त्याने हिसका देऊन हात मागे ओढला आणि मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक यंत्रात राहिले. आयोमी डावखुरा आहे, त्यामुळे गिटारच्या पट्टीवर तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका उजवा.

वाजवणे आता संपले, असे डॉक्टरांनी सांगितले. कारखान्यातल्या व्यवस्थापकाने मात्र घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही युरोपातल्या जाझमध्ये त्याच्या तोडीचा गिटारवादक नव्हता. ते ऐकल्यावर आयोमीने भांडी घासायच्या द्रव साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून तिचा गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईने त्याला भोक पाडले, बोटावर बसेपर्यंत तो कानशीने घासला आणि तार निसटू नये म्हणून वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. अशा टोपीला स्पर्श कळत नाही. तार किती दाबली गेली आहे, हे कानाने ओळखावे लागते. नेहमीच्या जाड तारा झेपेनात म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा लावून पाहिल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या अल्बममध्ये तर सगळ्या तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीनची तार काळी एकवर आली. त्यामुळे तारा सैल आणि दाबायला मऊ झाल्या, आणि आवाज पूर्वी रॉकमध्ये कोणी नेला नव्हता इतका खाली गेला.

याला जोडून आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. सहाही तारांवर पसरणारे मोठे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, त्या बोटांना अवघड जात असल्यामुळे आयोमीचा भर षड्ज-पंचमाच्या जोडीवर राहिला. ॲम्प्लिफायर पूर्ण उघडून आवाज फाटू दिला की गांधार मिसळलेला कॉर्ड चिखलासारखा होतो, पण षड्ज-पंचम स्वच्छ आणि भरीव राहतात. आज जगातल्या कुठल्याही गावात मेटल, म्हणजे या बँडपासून पुढे आलेले जड रॉक, वाजवायला शिकणारा मुलगा पहिल्या दिवशी हीच जोडी शिकतो.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६८ मध्ये चौघे एकत्र आले, आधी पोल्का टल्क ब्लूज बँड आणि मग अर्थ या नावाने ब्लूज वाजवू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस आयोमी काही आठवडे जेथ्रो टल या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि परतला तो शिस्त घेऊन. तालमीला सकाळी लवकर हजर व्हायचे, हे त्याने बाकीच्यांना लावून दिले. अर्थ नावाचा दुसरा एक बँड निघाल्यामुळे नाव बदलावे लागले, तेव्हा मारिओ बाव्हाच्या १९६३ च्या भयपटाचे इंग्रजी नाव त्यांनी उचलले. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, तर तसे संगीत का असू नये, असा त्यामागचा साधा विचार होता. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत पहिला अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला, आणि १३ फेब्रुवारी १९७० या शुक्रवारी तो व्हर्टिगो कंपनीने बाजारात आणला. पाऊस, ढगांचा गडगडाट, चर्चची घंटा आणि त्यावर कोसळणारे तीन सूर अशी त्याची सुरुवात आहे. समीक्षकांनी त्याची टर उडवली, आणि तो ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला 'पॅरनॉइड' थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

१९७० ते १९७५ या सहा वर्षांत सहा अल्बम झाले. पुढची घसरण, कोकेन, व्यवस्थापकाशी झालेले खटले आणि १९७९ मध्ये ऑझीची हकालपट्टी हा भाग इतरांनी पुष्कळ लिहिला आहे. मला त्यात विशेष रस नाही.

---

तीव्र_मध्यम

लेख आवडला. आपण "कोसळणारे तीन सूर" म्हणालात, ते नेमके कोणते हे सांगितले नाहीत, म्हणून लिहिते. मी गायन शिकते आणि रॉकमधले मला फारसे कळत नाही, पण हे गाणे पेटीवर काढून पाहिले. षड्ज, त्याचा वरचा षड्ज आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम, इतकेच ते आहे. शेवटच्या सुरावर आयोमी बोट हलवत राहतो, त्यामुळे तो स्थिर होत नाही.

सप्तकाच्या बारा अर्धस्वरांत तीव्र मध्यम बरोबर मध्यावर येतो, आणि पाश्चात्त्य संगीतात या अंतराला सैतानाचे अंतर म्हटले गेले. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही गोष्ट मात्र दंतकथा आहे. ते नावसुद्धा मध्ययुगानंतर बऱ्याच काळाने रूढ झाले. आपल्याकडे तर यमनमध्ये तोच सूर रोज संध्याकाळी गायला जातो आणि कोणी घाबरत नाही. फरक पंचमाचा आहे. यमनमध्ये तीव्र मध्यमाला विसावायला पंचम जवळच असतो. मारव्यात पंचम वर्ज्य आणि षड्जही सहजासहजी हाती लागत नाही, म्हणून तिन्हीसांजेची ती हुरहुर येते. सॅबथच्या त्या तीन सुरांतही पंचम नाही. तीव्र मध्यमावर आणून सोडून दिले आहे आणि घर दाखवलेच नाही. त्यात संथ लय, म्हणजे ऐकणाऱ्याला त्या सुरावर ताटकळत ठेवले आहे. हा परिणाम बटलरला संगीतकार होल्स्टच्या 'मार्स' या वाद्यवृंद रचनेवरून सुचला, असे वाचले आहे. तो ती रचना बेसवर वाजवत असे आणि आयोमीने तिथून पुढे नेले.

---

प्रेसशॉप_भोसरी

मी सव्वीस वर्षे पॉवर प्रेसवर काम केलेला माणूस आहे. मुलाच्या खोलीतून हे संगीत कानावर यायचे, एवढाच माझा याच्याशी संबंध. पण अपघाताचा परिच्छेद वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवले नाही.

ज्याचे ते नेहमीचे मशीन नाही, त्याला बदली म्हणून बसवले की अपघात होतो. नेहमीच्या माणसाचे हात आणि पाय एका तालात चालतात. पत्रा सरकवला, हात बाहेर, मग पेडल, हा क्रम त्याला विचार करून आठवावा लागत नाही. नवा माणूस विचार करतो आणि तिथेच अर्धा क्षण चुकतो. आता दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही आणि पुढे प्रकाशाचा पडदा असतो, पण बटणे जाम करून एका हाताने काम काढणारे लोक मी पाहिले आहेत, कारण नग मोजून पैसे मिळतात. माझ्या एका सहकाऱ्याची दोन पेरे अशीच गेली. तो तबला वाजवायचा, भजनी मंडळात. त्यानंतर तो टाळ घेऊन बसू लागला. या आयोमीने प्लास्टिक वितळवून टोपी केली, हे वाचून मला त्याच्यातला कारागीर दिसला. जिग-फिक्स्चर बनवणाऱ्याचे डोके आहे ते. नुसत्या वादकाला सोल्डरिंगची सळई सुचली नसती.

---

संशयात्मा

लेख चांगला आहे, पण कारखाना आणि संगीत यांची ही जोडणी मला जरा सोयीची वाटते. याच बर्मिंगहॅममधून, याच वर्षांत, मूडी ब्लूज निघाले. त्यांनी वाद्यवृंद घेऊन तलम गाणी केली. द मूव्ह आणि त्यातून पुढे इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा हेही तिथलेच. त्यांच्याही कानांवर तेच घण पडत होते. घणांच्या आवाजातून मेटल जन्मते असे म्हणायचे, तर मग शेफील्डच्या पोलादाने आधी ते का जन्माला घातले नाही?

मला वाटते, खरी कारणे संगीताच्या आतली होती. क्रीम हा बँड आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी गिटारचा फाटका आवाज आधीच मान्य करून घेतला होता. १९६७ मध्ये बर्मिंगहॅममध्येच लेनी हा ॲम्प्लिफायरचा उद्योग सुरू झाला आणि आयोमीला जवळच दणदणीत यंत्रे मिळाली. शिवाय पबमध्ये लोक बँडकडे लक्ष न देता बोलत बसायचे, म्हणून आवाज वाढवत नेला, हे बँडमधल्यांनीच सांगितले आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी आयोमीच्या फेंडर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बिघडला, म्हणून त्याने राखीव ठेवलेली गिब्सन एसजी गिटार उचलली आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. असे किती योगायोग मोजणार?

---

खर्जातला_माणूस

तीव्र_मध्यम, आपल्या पंचमाच्या मुद्द्यासाठी मनापासून आभार. मी इतकी वर्षे ते गाणे ऐकतो आहे, पण काय खटकते आहे ते सांगता येत नव्हते.

भोसरीकर काका, आपल्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

संशयात्मा, आपला अर्धा आक्षेप मान्य. कारखान्याचा आवाज गाण्यात उतरला, असे मी लिहिलेले नाही, आणि तसे सिद्धही करता येणार नाही. मी आवाजाबद्दल नव्हे, हाताबद्दल बोलतो आहे. मूडी ब्लूजच्या गिटारवादकाची बोटे शाबूत होती. क्रीमच्या एरिक क्लॅप्टनचे संगीत वरच्या तारांवर लांबच लांब फिरणारे आहे. आयोमीचे खालच्या दोन-तीन तारांवर रुतून बसलेले आहे. दोघांनीही एकच ब्लूज ऐकले होते, मग रस्ते का फुटले? आपण सांगितलेली सगळी कारणे त्या काळच्या डझनभर इंग्लिश बँडना उपलब्ध होती, आणि तारा काळी एकपर्यंत उतरवण्याची गरज एकट्याला पडली. मात्र एक दुरुस्ती माझी मीच करतो. पहिले दोन अल्बम नेहमीच्या स्वरातच आहेत, तारा उतरवलेल्या नाहीत, आणि तरीही ते जड वाटतात. तेव्हा सगळे श्रेय सैल तारांना देता येणार नाही, हे खरे.

---

अनुष्टुभ

सगळी चर्चा गिटारभोवतीच फिरते आहे, म्हणून शब्दांकडे वळते. सॅबथची बहुतेक गीते गीझर बटलरने लिहिली. आयरिश कॅथलिक घरातला, लहानपणापासून मांसाहार न करणारा, हिशेबनीसाच्या कामाला लागलेला हा मुलगा. त्याने तरुणपणी गूढविद्येची पुस्तके वाचली, खोलीच्या भिंती काळ्या रंगवल्या, आणि एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती दिसल्यावर त्या वाटेला पुन्हा न जाण्याचे ठरवले. त्यातूनच पहिल्या अल्बमचे शीर्षकगीत झाले. ते गीत नीट वाचले तर त्यातला माणूस सैतानाला पाहून गयावया करत पळतो आहे. याला सैतानपूजा म्हणणे म्हणजे कीर्तनकाराने यमदूतांचे वर्णन केले म्हणून त्याला यमाचा भक्त ठरवण्यासारखे आहे.

'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधले 'आफ्टर फॉरएव्हर' हे गीत तर देव मानणाऱ्याची थेट बाजू घेते. पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावर उलटा क्रूस छापला गेला तो कंपनीच्या कल्पनेतून, बँडला न विचारता. आणि चौघांच्या गळ्यातले क्रूस ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात ॲल्युमिनियममधून बनवून दिले होते, तेही वाईट शक्तींपासून रक्षण व्हावे म्हणून. धागाकर्त्यांच्या सिद्धांताला हा पुरावा जोडून घ्यावा.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे गीत 'वॉर पिग्ज' आहे. त्याचे पहिले नाव 'वॉलपर्गिस' होते आणि त्यात चेटकिणींचा मेळावा होता. पुढे चेटकिणींच्या जागी युद्ध आखणारे सेनापती आणि राजकारणी आले. १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्य लढत होते. 'हँड ऑफ डूम' हे त्याच अल्बममधले गीत युद्धावरून परत आलेल्या आणि हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांवर आहे. जर्मनीतल्या अमेरिकी तळांवरचे सैनिक या बँडला तिथे भेटले होते. त्या काळचे बाकीचे रॉक संगीत फुले, प्रेम आणि कॅलिफोर्नियाचे ऊन यांत रमले असताना ही मुले जे दिसते ते सांगत होती. ॲस्टनमध्ये ऊन तसेही कमीच.

---

डिओपंथी

१९७९ नंतरचा इतिहास एका वाक्यात गुंडाळल्याबद्दल तीव्र निषेध! ऑझीच्या जागी गायक रॉनी जेम्स डिओ आल्यावर १९८० मध्ये आलेला 'हेवन अँड हेल' हा अल्बम मी पहिल्या सहांच्या बरोबरीने ठेवतो. ऑझी रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या, सुरावरच गातो. 'आयर्न मॅन' ऐका, पेटीवाला गायकाच्या मागून जावा तसा तो गिटारच्या मागून जातो. डिओ गिटारला सोडून स्वतंत्र चाल रचायचा, त्यामुळे आयोमीलाही मोकळीक मिळाली.

मेटलच्या मैफलीत तर्जनी आणि करंगळी उभारून जी खूण करतात, ती रूढ केली डिओनेच. तिलाही लोक सैतानाची खूण म्हणतात. डिओची आजी इटालियन होती आणि ती कोणाची दृष्ट लागू नये म्हणून हाताने ही खूण करायची, असे तो सांगत असे. म्हणजे लिंबू-मिरचीचाच प्रकार.

नव्वदच्या दशकात आम्ही धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला जायचो. तिथे दर दोन बँडमागे एक 'पॅरनॉइड' वाजवायचा, कारण ते बसवायला सोपे. ते गाणे सॅबथने अल्बममध्ये तीन मिनिटांची जागा उरली म्हणून अर्ध्या तासाच्या आत रचले होते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. आम्ही ते महिनाभर बसवत होतो.

---

खर्जातला_माणूस

डिओपंथी, निषेध स्वीकारला. 'हेवन अँड हेल' मलाही प्रिय आहे. पण त्यानंतर गायक इतके बदलले, की १९८० च्या दशकात आयोमी एकटाच सलग टिकला. १९८३ मध्ये डीप पर्पल या बँडचा गायक इयन गिलन आला, तेव्हा रंगमंचासाठी स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या प्राचीन वर्तुळातल्या शिळांची प्रतिकृती मागवली होती. मापे फुटांऐवजी मीटरमध्ये गेल्यामुळे त्या शिळा इतक्या मोठ्या झाल्या की बहुतेक सभागृहांत मावल्याच नाहीत. टोनी मार्टिन या गायकाच्या काळातला १९८९ चा 'हेडलेस क्रॉस' मात्र ऐकण्यासारखा आहे.

---

कालव्याकाठी

मी गेली अकरा वर्षे बर्मिंगहॅमजवळ राहतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. ब्रॉड स्ट्रीटवर कालव्यावरच्या पुलाला २०१९ पासून ब्लॅक सॅबथ ब्रिज म्हणतात आणि तिथे चौघांचे चेहरे असलेला लोखंडी बाक आहे. ऑफिसला जाताना मी त्यावर बसून कितीदा तरी डबा खाल्ला आहे. ३० जुलै २०२५ रोजी ऑझीची अंत्ययात्रा याच रस्त्याने गेली. पुढे पितळी वाद्यांचा स्थानिक बँड 'आयर्न मॅन' वाजवत चालला होता. ते गाणे तुतारी-ट्रॉम्बोनवर इतके साजरे वाटते की मूळचे त्यासाठीच केले असावे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजी मेटल वगैरे ऐकणाऱ्या नव्हत्या. त्या ॲस्टनच्या होत्या, त्यांना तेवढे कारण पुरेसे होते.

या शहराने त्यांना ओळखायला उशीर केला, हेही नोंदवायला हवे. लिव्हरपूलने बीटल्सच्या नावावर अख्खा पर्यटन व्यवसाय उभा केला, तेव्हा बर्मिंगहॅम सॅबथबद्दल संकोचत होते. २०१९ मध्ये शहराच्या कलासंग्रहालयात मोठे प्रदर्शन झाले, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या समारोपात आयोमी आणि ऑझी अचानक मंचावर आले, २०२३ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने सॅबथच्या संगीतावर अख्खा बॅले केला, आणि शहराचा नागरी सन्मान चौघांना मिळाला तो जून २०२५ मध्ये, म्हणजे ऑझीच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी.

---

प्रेसशॉप_भोसरी

त्या ड्रम वाजवणाऱ्याबद्दल कोणीच लिहिले नाही. चौघे म्हणता आणि तिघांचेच बोलता.

---

खर्जातला_माणूस

काका, चूक दाखवलीत. बिल वॉर्डच्या कानात जाझ होते, जीन क्रुपासारख्या ड्रमरांचे वादन ऐकत तो वाढला. म्हणून सॅबथची जड गाणीसुद्धा डुलतात. नंतरच्या अनेक मेटल बँडनी आयोमीचे रिफ उचलले, पण वॉर्डचे ते डुलणे त्यांना उचलता आले नाही, आणि संगीत पहारेकऱ्याच्या बुटांसारखे ठोकळेबाज झाले. 'वॉर पिग्ज'मध्ये गाणे थांबते, दोन ठोके पडतात आणि ऑझी एकटा गातो. तिथे वॉर्ड किती थोडे वाजवतो ते ऐका.

त्याची गोष्ट दुःखाची आहे. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये चौघे पुन्हा एकत्र येण्याची घोषणा झाली, पण करार मान्य होण्यासारखा नसल्याचे सांगून २०१२ च्या आरंभी वॉर्ड बाजूला झाला. '१३' या अल्बमवर ड्रम्स ब्रॅड विल्कने वाजवले. याच सुमारास आयोमीला लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि उपचारांच्या तारखा सांभाळून ध्वनिमुद्रण करावे लागले. जून २०१३ मध्ये तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. 'पॅरनॉइड'नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी हे घडले, आणि अमेरिकेत तर पहिला क्रमांक त्यांना प्रथमच मिळाला. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये निरोपाची मैफल झाली, तीही वॉर्डशिवाय. म्हणून ५ जुलै २०२५ ची व्हिला पार्कवरची मैफल महत्त्वाची. २००५ नंतर प्रथमच चौघे एका मंचावर आले. दिवसभर मेटॅलिका, गन्स एन' रोझेस, स्लेयर, टूल असे बँड वाजले. जमलेला निधी पार्किन्सन्सवरील संशोधन आणि मुलांची रुग्णालये यांच्यासाठी होता. शेवटी चारच गाणी झाली. ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि मागे, सत्त्याहत्तर वर्षांचा, वॉर्ड होता.

---

नवखी_श्रोती

मी हे संगीत कधीच ऐकलेले नाही. आवाजाची भीती वाटते. सुरुवात कशाने करावी?

---

खर्जातला_माणूस

ताई, 'पॅरनॉइड' अल्बममधल्या 'प्लॅनेट कॅरव्हॅन'ने करा. त्यात गोंगाट अजिबात नाही. हाताने वाजवायचे काँगा ढोल, हलकी गिटार आणि फिरत्या स्पीकरमधून आल्यामुळे पाण्याखालून येतो आहे असा वाटणारा ऑझीचा आवाज. मग 'चेंजेस', जे पियानोवर आहे. मग 'वॉर पिग्ज', रात्री, दिवे घालवून. त्यानंतर पहिल्या अल्बमचे पहिले गाणे लावा, आणि तीव्र मध्यम आल्यावर आमच्या वरच्या प्रतिसादातल्या ताईंची आठवण काढा.

इथून पुढे वाट फुटते. संथ आणि उदास हवे असेल तर स्वीडनचा कँडलमास आणि अमेरिकेचा सेंट व्हायटस. वाळवंटातल्या उन्हासारखे हवे असेल तर कायस आणि स्लीप. सिॲटलच्या साउंडगार्डनने तर सॅबथची खालची तार आणि ऑझीचा टिपेचा आवाज दोन्ही उचलले आहेत.

---

प्रेसशॉप_भोसरी

मुलाकडून मोबाइलवर लावून घेतले आणि 'आयर्न मॅन' ऐकले. सुरुवातीला जो ठोका पडतो, तो साठ टनी प्रेसचा आहे. संशयात्मा काहीही म्हणोत. टाळ वाजवणाऱ्या सहकाऱ्याला पाठवले आहे, त्याने विचारले आहे की ती टोपी कशाने चिकटवली होती.